थंड प्रदेशातील सरोवरे व कार्प मासा

कार्प किंवा कॉमन कार्प (शास्त्रीय नाव: सायप्रिनस कार्पिओ) हा सायप्रिनिडी कुळातील गोड्या पाण्यातील मासा आहे. महाराष्ट्रातील मत्स्यशेतीत तो ‘सायप्रिनस’ या नावाने परिचित आहे. काळा समुद्र, कॅस्पियन समुद्र व अरल समुद्र यांना मिळणाऱ्या नद्यांच्या खोऱ्यांतील हा मासा माणसाने अन्नासाठी व हौसेसाठी अंटार्क्टिका वगळता सर्व खंडांत नेला. मध्य युरोपात तो नाताळच्या जेवणातील मानाचा पदार्थ आहे आणि ब्रिटनमध्ये गळाने मासे पकडणाऱ्या हौशी लोकांचे ते आवडते लक्ष्य आहे. याउलट, अमेरिकेची संयुक्त संस्थाने, कॅनडा व ऑस्ट्रेलिया येथे त्याची गणना उपद्रवी माशांत होते. ट्राउट, पाइक किंवा वॉलआय यांच्या आशेने थंडीत सरोवराकाठी गळ टाकून बसावे आणि दिवसअखेर हाती केवळ कार्पच लागावा, हा तेथील मासेमारांचा नित्याचा अनुभव आहे. या अनुभवामागे माशाचे शरीर, थंड पाण्याचे गुणधर्म आणि सरोवराची बिघडलेली घडी अशी तिन्ही कारणे असतात.

वर्णन

कार्पचे शरीर जाड, दोन्ही बाजूंनी किंचित चपटे असून रंग पाठीवर तपकिरी-हिरवट व पोटाकडे पिवळसर असतो. अंगावर मोठे खवले असतात. वरच्या ओठाजवळ मिशांच्या दोन जोड्या असतात. त्यांच्या साहाय्याने तो गढूळ पाण्यातही चव व स्पर्श यांवरून अन्न शोधतो. पाठीवरील पर लांब असून त्याच्या आरंभी करवतीसारखे दाते असलेला एक टणक काटा असतो. जाळ्यात हा काटा अडकतो, हे त्याच्या ओळखीचे एक व्यावहारिक लक्षण होय. जबड्यात दात नसतात. घशात मात्र चपटे, दाढांसारखे दात असतात व त्यांनी तो बिया, शिंपले आणि गोगलगाई फोडून खातो. या माशाला स्वतंत्र जठर नसते.

ज्याच्या अंगावर थोडेच पण मोठाले, चकाकणारे खवले असतात त्या प्रकारास मिरर कार्प म्हणतात. जवळजवळ खवले नसलेल्या प्रकारास लेदर कार्प म्हणतात. हे दोन्ही प्रकार माणसाने तळ्यांत निवडीने वाढवलेले आहेत. पूर्ण वाढलेला कार्प सामान्यतः काही किलो वजनाचा असतो, परंतु ४० किलोपेक्षा अधिक वजनाचे मासेही पकडले गेले आहेत. अनुकूल परिस्थितीत तो अनेक दशके जगतो.

अमेरिकेत ‘एशियन कार्प’ म्हणून ओळखले जाणारे चार मासे कॉमन कार्पहून वेगळे आहेत. त्यांपैकी ग्रास कार्प (गवत्या) व सिल्व्हर कार्प (चंदेरा) हे महाराष्ट्रातील मत्स्यशेतकऱ्यांना माहीत आहेत; उरलेले दोन बिगहेड कार्प व ब्लॅक कार्प होत. नौकेच्या आवाजाने पाण्याबाहेर उड्या मारणारा मासा हा चंदेरा होय, कॉमन कार्प नव्हे.

थंड पाण्यातील जीवनक्रम

मासा हा शीतरक्ती प्राणी असल्यामुळे त्याच्या शरीराचे तापमान भोवतालच्या पाण्याबरोबर बदलते. पाणी थंड झाले की पचन व हालचाल दोन्ही मंदावतात. कार्प हा मुळात उबदार पाण्याचा मासा आहे. सुमारे २० अंश सेल्सियसच्या वर तो भरपूर खातो. पाणी १० अंशांच्या खाली गेले की त्याचे खाणे पुष्कळच घटते आणि ४-५ अंशांच्या आसपास ते जवळजवळ थांबते. शरीरात साठवलेल्या चरबीवर तो हिवाळा काढतो.

पाण्याची घनता सुमारे ४ अंश सेल्सियस तापमानाला सर्वाधिक असते. त्यामुळे पृष्ठभाग गोठला तरी तळाशी ४ अंशांच्या जवळपासचे पाणी टिकून राहते आणि मासे तेथे जगू शकतात. हिवाळ्यात कार्प एकेकटा राहत नाही. उन्हाळ्यात सरोवरभर विखुरलेले शेकडो, कधी हजारो मासे बर्फाखाली एखाद्या मर्यादित जागी दाटीने एकत्र येतात. ही सवय पुढे त्याच्या नियंत्रणासाठी उपयुक्त ठरली आहे.

बर्फाखालील जीवनात ऑक्सिजनची टंचाई हे मोठे संकट असते. बर्फामुळे पाण्याचा हवेशी संपर्क तुटतो. बर्फावर हिमाचा थर साचला की प्रकाशही आत जात नाही. त्यामुळे पाणवनस्पतींकडून ऑक्सिजन मिळणे थांबते, मात्र तळाशी कुजणारे पदार्थ उरलेला ऑक्सिजन वापरत राहतात. उथळ तळ्यांत यामुळे पुष्कळ मासे मरतात. अशा हिवाळी मत्स्यमृत्यूचा अप्रत्यक्ष लाभ कार्पला होतो. प्रौढ कार्प हिवाळा खोल सरोवरात काढतात आणि वसंत ऋतूत नाल्यांतून उथळ दलदलींत जाऊन अंडी घालतात. कार्पची अंडी व पिल्ले खाणारे ब्लूगिलसारखे लहान मासे त्या दलदलींत हिवाळ्यातच मेलेले असतात. मिनेसोटा विद्यापीठातील संशोधकांनी तेथील सरोवरसमूहांत ही साखळी दाखवून दिली. ज्या सरोवरांत ब्लूगिल टिकून असतात तेथे कार्पची नवी पिढी सहसा तग धरत नाही. शेजारची दलदल मात्र त्या सरोवराला कार्प पुरवत राहते. कडाक्याच्या हिवाळ्याने कार्प कमी होतील ही सामान्य समजूत त्यामुळे अनेकदा खोटी ठरते.

पाणी सुमारे १८ अंशांपर्यंत तापले की विणीचा हंगाम सुरू होतो. मादी उथळ पाण्यातील वनस्पतींवर चिकट अंडी घालते. तिच्या दर किलो वजनामागे साधारणपणे एक लाख किंवा त्याहून अधिक अंडी असतात. एका मोठ्या मादीची अंडी लाखांच्या संख्येत मोजावी लागत असल्याने, एखादे वर्ष अनुकूल गेले तरी सरोवर पुढील अनेक वर्षांसाठी कार्पने भरून जाते.

प्रसाराचा इतिहास

रोमन काळात डॅन्यूब नदीतील कार्प पश्चिमेकडे नेला गेला असे मानले जाते. मध्ययुगीन युरोपात ख्रिस्ती मठांच्या तळ्यांत तो मोठ्या प्रमाणावर पाळला जाई, कारण उपवासाच्या दिवशी मांस वर्ज्य असले तरी मासे चालत. दक्षिण बोहेमियातील ट्रेबोन परिसर तळ्यांतील कार्पसाठी प्रसिद्ध झाला. तेथील रोझम्बेर्क हे विशाल तळे याकुब क्र्चीन यांच्या देखरेखीखाली १५८४ ते १५९० या काळात बांधले गेले व ते आजही वापरात आहे.

अमेरिकेत १८७२ मध्ये युलियस पोप्पे या स्थलांतरिताने जर्मनीतून आणलेले पाच कार्प कॅलिफोर्नियातील सोनोमा येथे वाढवले. सरकारी पातळीवर हे काम १८७७ मध्ये सुरू झाले. स्पेन्सर बेअर्ड यांच्या नेतृत्वाखालील मत्स्य आयोगाने त्या वर्षी जर्मनीतून ३४५ कार्प आणून बाल्टिमोरमधील ड्रुइड हिल उद्यानाच्या तळ्यांत ठेवले. युरोपातून आलेल्या स्थलांतरितांना हा मासा परिचित होता आणि अतिमासेमारीमुळे स्थानिक मासे घटत होते. स्वस्त, काटक व झपाट्याने वाढणारा मासा सर्वांना मिळावा, हा या योजनेचा हेतू होता. पिल्लांना देशभरातून मागणी आली. लोकप्रतिनिधींमार्फत अर्ज येऊ लागले आणि रेल्वेने मासे दूरदूरच्या राज्यांत पोहोचवले गेले. तळ्यांचे बांध फुटून व मुद्दाम सोडल्यामुळे ते नद्या-सरोवरांत शिरले. विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत लोकमत पुरते फिरले आणि ज्या खात्यांनी कार्प वाटला होता त्यांच्यावरच तो काढण्याची वेळ आली.

ऑस्ट्रेलियात कार्प एकोणिसाव्या शतकातच आला होता, पण त्याचा खरा प्रसार १९६० च्या दशकात झाला. व्हिक्टोरिया राज्यातील बूलारा येथील मत्स्यशेतीशी निगडित असलेला कार्पचा एक वाण मरी नदीच्या खोऱ्यात पोहोचला आणि १९७४-७५ च्या पुरांनी तो मरी-डार्लिंग खोऱ्यात दूरवर पसरवला. या खोऱ्याच्या अनेक भागांत माशांच्या एकूण वजनापैकी ८० टक्क्यांहून अधिक वाटा आता कार्पचा आहे.

गळाला कार्पच का लागतो

थंडीच्या दिवसांतील मासेमारीत केवळ कार्प मिळण्याची कारणे पुढीलप्रमाणे सांगता येतात.

पहिले कारण संख्येचे आहे. ज्या सरोवरात माशांच्या एकूण वजनाचा बहुतांश भाग कार्पचा आहे, तेथे गळ कोणत्याही जातीसाठी टाकला तरी कार्प लागण्याची शक्यताच अधिक असते.

दुसरे कारण आमिषाचे आहे. तळाशी सोडलेले गांडूळ, मक्याचा दाणा किंवा कणकेची गोळी हे सर्वभक्षी कार्पचे नेहमीचेच अन्न आहे. पाइक, वॉलआय व ट्राउट हे शिकारी मासे मुख्यतः हालणारे भक्ष्य पाहून झडप घालतात. गढूळ पाण्यात त्यांना भक्ष्य नीट दिसत नाही, तर कार्प मिशांनी चाचपत व चव घेत तेच आमिष शोधून काढतो.

तिसरे कारण तापमानाचे आहे. उशिराच्या शरद ऋतूत व बर्फ वितळल्यानंतरच्या आठवड्यांत उथळ, सूर्यासमोरचे कोपरे उरलेल्या सरोवरापेक्षा लवकर तापतात. नाल्यांची मुखे आणि वीजकेंद्रांतून सोडलेले कोमट पाणी येथेही तापमान काही अंशांनी जास्त असते. काठावर बसणाऱ्याचा गळ याच उथळ भागापर्यंत पोहोचतो आणि ऊब शोधणारा कार्पही तेथेच येतो. ट्राउटसारख्या थंड पाण्याच्या माशांना मात्र अशी उबेची गरज नसते.

चौथे कारण कळपाचे आहे. थंडीत कार्प एकत्र जमत असल्याने गळ योगायोगाने त्यांच्या जमावाजवळ पडला तर लागोपाठ कार्प मिळतात. जमाव दूर असेल तर दिवसभर काहीच मिळत नाही. ऐन हिवाळ्यात, बर्फाला भोक पाडून केलेल्या मासेमारीत, कार्प सहसा गळाला लागत नाही, कारण त्या काळात तो फारसा खातच नाही. म्हणून ‘फक्त कार्प’ हा अनुभव गोठलेल्या सरोवरापेक्षा हिवाळ्याच्या दोन्ही कडांना, म्हणजे गोठण्यापूर्वी व वितळल्यानंतर, अधिक येतो.

एका दिवसाच्या मासेमारीवरून सरोवरातील माशांची गणना करता येत नाही. जागा, आमिष, खोली व वेळ यांनुसार मिळणारी जात बदलते. तरीही एकाच सरोवरात वर्षानुवर्षे, वेगवेगळ्या आमिषांना व वेगवेगळ्या ठिकाणी कार्पच लागत असेल आणि पाणीही गढूळ होत चालले असेल, तर तो त्या सरोवराच्या प्रकृतीविषयीचा गांभीर्याने घेण्याजोगा इशारा ठरतो.

सरोवरावर होणारे परिणाम

कार्प तळाचा गाळ तोंडात ओढून घेतो, त्यातील अळ्या, किडे व बिया गिळतो आणि उरलेला गाळ बाहेर टाकतो. हजारो मासे दिवसरात्र असे करू लागले की तळ सतत ढवळला जातो. पाणवनस्पती मुळांसकट उपटल्या जातात. गढूळ पाण्यातून प्रकाश खाली पोहोचत नाही, म्हणून नव्या वनस्पती रुजत नाहीत. गाळात अडकलेला फॉस्फरस पाण्यात मिसळतो. माशांच्या उत्सर्जनातूनही पोषकद्रव्ये पाण्यात येतात. त्यावर शेवाळ वाढते व पाणी आणखी हिरवट आणि अपारदर्शक होते.

पाणवनस्पती नाहीशा झाल्या की त्यांच्या आधाराने जगणारे कीटक, लहान मासे व बेडूक कमी होतात. वनस्पतींची कंदमुळे खाणारी रानबदके येईनाशी होतात. नजरेने शिकार करणारे मासे उपाशी राहतात. स्वच्छ, वनस्पतींनी भरलेले सरोवर अशा रीतीने गढूळ, शेवाळी सरोवरात बदलते आणि ही दुसरी स्थिती स्वतःला टिकवून धरते. मिनेसोटातील अभ्यासांतून दर हेक्टरी सुमारे १०० किलो कार्प ही उथळ सरोवरांसाठी धोक्याची पातळी मानली जाते. त्यापलीकडे वनस्पती व पाणपक्षी यांची घसरण ठळकपणे दिसते.

सर्व दोष कार्पचाच असतो असे मात्र नाही. शेतांतील खतांचे पाणी, शहरांचे सांडपाणी, बंधाऱ्यांमुळे बदललेली पाणीपातळी आणि अतिमासेमारी यांनी आधीच दुबळी झालेली सरोवरे कार्पला लवकर बळी पडतात. कार्प काढूनही पोषकद्रव्यांचा ओघ चालू राहिल्यास पाणी अपेक्षेइतके निवळत नाही.

अमेरिकेतील यूटा सरोवर हे या परिणामांचे ठळक उदाहरण आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तेथे कार्प सोडण्यात आला. याच सरोवरात नैसर्गिकरीत्या आढळणारा जून सकर हा प्रदेशनिष्ठ मासा पुढे इतका दुर्मीळ झाला, की १९८६ मध्ये त्याची नोंद संकटग्रस्त प्रजातींत करावी लागली. २००९ पासून व्यावसायिक मच्छीमारांकरवी हजारो टन कार्प तेथून काढण्यात आला. त्याबरोबर पैदास केंद्रांतील जून सकरची पिल्ले सोडणे व नद्यांतील विणीच्या जागा सुधारणे ही कामेही झाली. २०२१ मध्ये जून सकरचा दर्जा ‘संकटग्रस्त’ यावरून त्यापेक्षा सौम्य गटात आणण्यात आला.

नियंत्रणाचे उपाय

हिवाळी रापण: कार्पची थंडीत एकत्र जमण्याची सवय या उपायाचा पाया आहे. काही मासे पकडून त्यांच्या शरीरात लहान रेडिओ प्रक्षेपक बसवतात व त्यांना पुन्हा सोडतात. हिवाळ्यात हे मासे आपल्या जातभाईंच्या जमावात जातात आणि संकेतांवरून जमावाची जागा कळते. बायबलमधील विश्वासघातकी शिष्याच्या नावावरून या पद्धतीस ‘जुडास तंत्र’ म्हणतात. मराठीत अशा माशास ‘फितूर मासा’ म्हणता येईल. त्यानंतर बर्फात ओळीने भोके पाडून जाळे खालून सरकवले जाते आणि कोकणातील रापणीप्रमाणे घेर आवळत जमाव बाहेर ओढला जातो. मिनेसोटातील काही सरोवरांत या रीतीने एकाच हिवाळ्यात निम्म्याहून अधिक कार्प काढता आले. विस्कॉन्सिन राज्यातील मॅडिसन शहरालगतच्या विंग्रा सरोवरातून मार्च २००८ मध्ये सुमारे २३ टन कार्प काढण्यात आला. त्यानंतर तेथील पाणी स्पष्टपणे निवळले व पाणवनस्पती पूर्वीपेक्षा अधिक खोलीपर्यंत पसरल्या.

संपूर्ण निर्मूलन: ऑस्ट्रेलियाच्या टास्मानिया बेटावरील क्रेसेंट व सोरेल ही थंड पठारावरील सरोवरे ट्राउटच्या मासेमारीसाठी प्रसिद्ध होती. १९९५ मध्ये तेथे कार्प सापडला. या दोन सरोवरांच्या परिसरातच आढळणाऱ्या गोल्डन गॅलॅक्सियस या लहान माशाचे भवितव्य धोक्यात होते आणि क्लाइड नदीमार्गे कार्प बेटभर पसरण्याची भीती होती. सरोवरांच्या बाहेर जाणाऱ्या प्रवाहांवर जाळ्या बसवण्यात आल्या, हौशी मासेमारी बंद ठेवण्यात आली आणि फितूर माशांच्या मदतीने एकेक जमाव शोधून काढण्यात आला. विणीच्या काळात उथळ दलदलींकडे जाण्याचे मार्ग कुंपणाने अडवले गेले. क्रेसेंट सरोवरातील अखेरचा कार्प २००७ मध्ये पकडला गेला. त्याहून मोठ्या सोरेल सरोवरात हे काम पुढेही अनेक वर्षे चालू राहिले. शेवटच्या काही माशांचा शोध हा अशा मोहिमांतील सर्वांत कठीण व खर्चिक टप्पा असतो, कारण उरलेली एक जोडीही सरोवर पुन्हा भरू शकते.

अडसर: कॅनडातील हॅमिल्टन शहराजवळील कूट्स पॅराडाइज या दलदलीच्या मुखाशी १९९७ पासून एक मत्स्यमार्ग कार्यरत आहे. लहान मासे जाळीतून ये-जा करतात. मोठे मासे पिंजऱ्यांत अडतात, तेथे त्यांची निवड करून स्थानिक मासे आत सोडले जातात व कार्पला परत सरोवराकडे पाठवले जाते.

पाणीपातळी व विष: काही जलाशयांत पाणी पूर्ण उतरवून किंवा रोटेनोनसारखे वनस्पतिजन्य विष वापरून सर्व मासे मारले जातात व नंतर स्थानिक जाती पुन्हा सोडल्या जातात. यात स्थानिक मासेही मरत असल्याने हा उपाय लहान जलाशयांपुरताच मर्यादित राहतो.

विषाणू: कार्पला प्राणघातक ठरणाऱ्या एका नागीण-विषाणूचा वापर करता येईल काय, हे तपासण्यासाठी ऑस्ट्रेलियाने २०१६ मध्ये राष्ट्रीय योजना हाती घेतली. तिचा आराखडा २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. एकाच वेळी मेलेल्या असंख्य माशांमुळे पाण्यातील ऑक्सिजन संपणे, पिण्याचे पाणी दूषित होणे व वाचलेल्या माशांत प्रतिकारशक्ती निर्माण होणे या शंकांमुळे हा उपाय वादग्रस्त राहिला आहे.

मासेमाराचे उत्तरदायित्व

नको असलेला मासा गळाला लागल्यावर त्याचे काय करावे, याचे उत्तर प्रदेशानुसार बदलते. ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया व दक्षिण ऑस्ट्रेलिया या राज्यांत पकडलेला कार्प जिवंत पाण्यात परत सोडणे बेकायदेशीर आहे. अमेरिकेत कार्प ‘रफ फिश’ या गटात मोडतो व बहुतेक राज्यांत त्याच्या पकडीवर फारशी बंधने नसतात. तथापि मेलेले मासे काठावर टाकून जाण्यास मनाई असते. ब्रिटनमधील अनेक तळ्यांवर मात्र पकडलेला कार्प इजा न करता परत सोडणे हाच नियम आहे.

प्रसार रोखण्याच्या दृष्टीने पिल्लांचा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. आमिष म्हणून वापरलेल्या लहान माशांत कार्पची पिल्ले मिसळलेली असू शकतात आणि दिवसअखेर उरलेले आमिष पाण्यात ओतले की नव्या सरोवरात कार्पचा प्रवेश होतो. म्हणून अनेक राज्यांत जिवंत कार्पचा आमिष म्हणून वापर निषिद्ध आहे. घरातील काचपेटीतले किंवा बागेच्या हौदातले शोभिवंत मासे नदी-तलावांत सोडणे हेही प्रसाराचे एक कारण आहे.

कार्प खाण्यास योग्य आहे. त्याच्या मांसाला कधी कधी येणारा मातकट वास प्रामुख्याने जिओस्मिन या सूक्ष्मजीवजन्य द्रव्यामुळे येतो. मासा काही दिवस स्वच्छ वाहत्या पाण्यात ठेवला असता हा वास कमी होतो. मध्य युरोपात ही पद्धत रूढ आहे. थंड पाण्यातून पकडलेल्या माशाची चव तुलनेने चांगली मानली जाते. मांसातील बारीक दुशाखी काटे ही दुसरी अडचण होय. पूर्व युरोपातील यहुदी समाजाचा गेफिल्टे फिश हा पदार्थ माशाचे मांस काटे काढून व वाटून केला जातो आणि त्यासाठी कार्प परंपरेने वापरला जातो. औद्योगिक प्रदूषण असलेल्या सरोवरांतील मोठे व जुने मासे खाण्यापूर्वी तेथील आरोग्य खात्याच्या सूचना पाहणे आवश्यक असते.

युरोपातील स्थान

चेकिया व पोलंड येथे नाताळच्या आदल्या सायंकाळी कार्प खाण्याची प्रथा आहे. त्यासाठी ट्रेबोन भागातील तळी शरद ऋतूत उतरवून मासे जाळ्यांनी काढले जातात आणि डिसेंबरात शहरांच्या चौकांत हौदांतून जिवंत कार्प विकले जातात. म्हणजे ज्या थंडीच्या दिवसांत अमेरिकेतील मासेमार कार्प पाहून खट्टू होतो, त्याच दिवसांत प्रागमधील कुटुंब तो घेण्यासाठी रांगेत उभे असते.

ब्रिटनमध्ये रिचर्ड वॉकर यांनी १९५२ मध्ये रेडमायर तळ्यात सुमारे २० किलो वजनाचा कार्प गळाने पकडला व तो लंडनच्या प्राणिसंग्रहालयात ठेवण्यात आला. या घटनेनंतर तेथे कार्पची मासेमारी हा स्वतंत्र छंद म्हणून वाढला. हिवाळ्यात मंदावलेल्या कार्पला गळाला लावणे तेथे कौशल्याची कसोटी समजली जाते.

भारत

भारतात मिरर कार्प १९३९ मध्ये श्रीलंकेतून निलगिरी भागात आणला गेला. १९५७ मध्ये बँकॉकमधून दुसरा वाण आणण्यात आला व तो मैदानी प्रदेशात मत्स्यशेतीसाठी पसरला. महाराष्ट्रातील मिश्र मत्स्यशेतीत कटला, रोहू व मृगळ यांच्याबरोबर चंदेरा, गवत्या आणि सायप्रिनस अशा सहा जाती एकत्र सोडण्याची पद्धत आहे. कटला पृष्ठभागावर, रोहू मधल्या थरात आणि मृगळ व सायप्रिनस तळाशी चरतात. बंदिस्त शेततळ्यात तळ ढवळणे ही त्याची सवय काही अंशी उपयोगीही ठरते, कारण गाळातील पोषकद्रव्ये पाण्यात येऊन प्लवक वाढते. हीच सवय नैसर्गिक सरोवरात नुकसानकारक ठरते. शिवाय सायप्रिनस साचलेल्या पाण्यातही अंडी घालतो. कटला व रोहू यांना विणीसाठी वाहत्या पाण्याची गरज असते. त्यामुळे पुरात शेततळ्यातून सुटलेला सायप्रिनस नदी-जलाशयांत सहज वसाहत करतो.

थंड हवामानातील कार्पच्या प्रश्नाचे भारतीय उदाहरण काश्मीर खोऱ्यात आढळते. १९५० च्या दशकात तेथे कार्प आणला गेला. दल व वुलर या सरोवरांतील पकडीत आता त्याचे प्रमाण मोठे आहे आणि शिझोथोरॅक्स या प्रजातीतील स्थानिक मासे घटले आहेत. स्थानिक लोक आपल्या मूळ माशांना ‘काशिर गाड’ म्हणतात, तर बाहेरून आलेल्या कार्पला ‘पंजाब गाड’ असे नाव पडले आहे. काश्मिरीत गाड म्हणजे मासा. श्रीनगरजवळील आंचार सरोवरात हिवाळ्यात छायामासेमारी चालते. मच्छीमार नावेच्या टोकाला गवत व घोंगडी यांचा आडोसा करून त्याखाली डोके झाकून घेतात, पाण्यावर सावली पाडतात आणि त्या सावलीत दिसणारा मासा भाल्याने टिपतात. या पद्धतीला पारदर्शक पाणी लागते. सांडपाणी, गाळ व तणांनी भरत चाललेल्या सरोवरात मासा घटण्याबरोबर ही कलाही अडचणीत येते.

संवर्धनातील विरोधाभास

आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाशी संलग्न तज्ज्ञगटाने जगातील सर्वाधिक उपद्रवी १०० परकी प्रजातींची यादी केली आहे. तीत कॉमन कार्पचा समावेश आहे. त्याच संघाच्या लाल यादीत मूळ अधिवासातील रानटी कार्पची नोंद ‘असुरक्षित’ या गटात झालेली आहे. डॅन्यूब व तत्सम नद्यांवरील धरणे, पूरमैदानांचा ऱ्हास आणि पाळीव वाणांशी होणारा संकर यांमुळे मूळ रानटी कार्प दुर्मीळ होत आहे. एकच मासा एका खंडात संरक्षणास पात्र आणि दुसऱ्या खंडात निर्मूलनास पात्र ठरतो. कोणतीही प्रजाती स्वभावतः उपद्रवी नसते. ज्या पाण्यात तिच्यावर अंकुश ठेवणारे शत्रू, रोग व ऋतुचक्र नसते, तेथे ती तशी ठरते. कार्पच्या बाबतीत तिला त्या पाण्यात नेण्याचे काम माणसाने, बहुतेक वेळा लोकांचे अन्न वाढावे अशा सद्हेतूने, केलेले आहे. नवी प्रजाती कोणत्याही जलाशयात सोडण्यापूर्वी तिच्या परिणामांचा अभ्यास करावा, हा मत्स्यव्यवस्थापनातील आजचा दंडक अशाच अनुभवांतून आलेला आहे.